वाढत्या मापाचा ड्रेस

आमच्या नेपरव्हिलच्या घरात फोडणीला परवानगी होती, पण अटींवर. तेल तापायच्या आधी आई सगळ्या घराला हाक द्यायची, "दारं लावा रे!" आणि मग जो जिथे असेल त्याने तिथलं कपाट बंद करायचं. जिन्याखालचं कोटांचं कपाट, माझं कपाट, बाबांचं शर्टांचं कपाट. अमेरिकेत आपली किंमत आपल्या कर्तृत्वावर ठरत नसून कोटाला हिंगाचा वास येतो की नाही यावर ठरते, असा बाबांचा पक्का सिद्धांत होता, आणि या सिद्धांतापुढे मोहरीने तडतडायच्या आधी परवानगी घ्यायची असे. सगळी दारं लावली तरी जिन्यावरचा स्मोक अलार्म वाजायचाच. मग मी एक टॉवेल घेऊन त्याला वारा घालायचे, बाबा खिडकी उघडून इलिनॉयची सगळी थंडी आत घ्यायचे, आणि आई गॅसपाशीच उभी राहून म्हणायची, "वाजला ना? झालं मग. या जेवायला." इतरांच्या घरी जेवणासाठी हाका मारतात. आम्हाला अग्निशमनाची यंत्रणा बोलवायची.

बाबा रोज सकाळच्या ट्रेनने शिकागोला जायचे आणि एका कंपनीचा डेटाबेस सांभाळायचे. घरातही ते डेटाबेससारखेच वागत. विचारलं तेवढंच सांगायचं, आणि तेही जरा थांबून. मराठी मंडळात त्यांची ओळख 'माइकवाले टेंबेकर' अशी होती. गणपती असो, कोजागिरी असो, कुणाच्या मुलीचं अरंगेत्रम असो, स्टेजच्या कडेला वायरी गळ्यात घालून उभे असलेले आणि "हॅलो, हॅलो, चेक" एवढंच भाषण करणारे ते माझे बाबा. हजार लोकांसमोर बोलायची हौस असलेल्या मंडळात न बोलणारा हा एकच माणूस, म्हणून माइक त्याच्या हातात विश्वासाने दिलेला.

आई नागपूरची. तिथे ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. इथे आल्यावर सरकारने तिच्या पासपोर्टात तिची नोंद नवऱ्याच्या सामानात केली आणि काम करायचं नाही अशी ताकीद दिली. पुढे ग्रीन कार्ड मिळालं तोवर तिने पगाराशिवाय करता येतील अशी सगळी कामं शोधून काढली होती. माझ्या शाळेतला केकचा स्टॉल, पुस्तकांचं प्रदर्शन, विज्ञानाच्या प्रयोगांचे परीक्षक, सगळीकडे मिसेस टेंबेकर. शाळेच्या ऑफिसातल्या बायका तिला नावाने ओळखायच्या. मला मात्र 'मिसेस टेंबेकरची मुलगी' म्हणायच्या, आणि हे मला फार लागायचं, कारण त्या काळात मी स्वतःचं नाव केतकीचं 'केट' केलं होतं. हे नाव माझं मीच ठेवलं होतं आणि त्याचा दोष अमेरिकेला दिला होता.

प्रॉम म्हणजे काय हे ज्यांना सुदैवाने माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. अकरावी-बारावीची मुलं वर्षाच्या शेवटी लग्नाला जावं तसे कपडे करतात, लग्नाला यावी तशी गाडी भाड्याने आणतात, लग्नात काढावेत तसे फोटो काढतात, आणि मग शाळेच्या ज्या जिममध्ये वर्षभर घाम गाळला त्याच जिममध्ये फुगे लावून नाचतात. लग्न तेवढं कुणाचंच नसतं. या सोहळ्यासाठी मी नववीपासून तयारी करत होते. नाचाची नाही, भांडणाची. मला बिनबाह्यांचा, बिनखांद्यांचा, केवळ आत्मविश्वासावर अंगावर टिकून राहणारा ड्रेस हवा होता, आणि तो आई-बाबा कधीच घेऊ देणार नाहीत याची मला खात्री होती. म्हणून माझे मुद्दे तयार होते. व्यक्तिस्वातंत्र्य होतं, मेगनच्या आईचं उदाहरण होतं, शेवटचा उपाय म्हणून रडणं होतं.

आणि त्याच वर्षी आमच्या विद्यार्थी समितीने प्रॉमसाठी विषय निवडला, पन्नासचं दशक. ज्या पोरांना गेल्या आठवड्यातला गृहपाठ आठवत नसे त्यांना अचानक आपल्या आजी-आजोबांच्या तारुण्याबद्दल उमाळा दाटून आला. शाळेभर एकच शब्द सुरू झाला, व्हिंटेज, म्हणजे जुन्या जमान्यातलं. घराघरात टपालाने कॅटलॉग यायला लागले. त्यांतले ड्रेस नवेकोरे होते, पण दिसायला जुने. होडीसारखा रुंद गळा, कोपरापर्यंत बाह्या, कमरेला घट्ट आणि तिथून छत्रीसारखा उघडणारा घेर, गुडघ्याच्या खाली चार बोटं. पहिला कॅटलॉग आला त्या दिवशी बापटकाकूंचा फोन आला. त्यांची नेहा माझ्याच वर्गात होती, आणि बापटकाकूंचा फोन आला की आई रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरायची, तरी मला जिन्यावर स्पष्ट ऐकू यायचं.

"सुनंदा, पान बारा उघड! बाह्या आहेत गं! खऱ्याखुऱ्या बाह्या!"

नेपरव्हिलमधल्या सगळ्या मराठी आयांनी त्या आठवड्यात सुटकेचा श्वास टाकला. या देशातही एकेकाळी सभ्य बायका राहायच्या, त्याचा पुरावा रंगीत छापून घरपोच आला होता. आईने संध्याकाळी मला बोलावून कॅटलॉग पुढे केला आणि म्हणाली, "हवा तो घे." माझी दोन वर्षांची तयारी फुकट गेली. आता रडायचं तरी कशासाठी? बंड करायला निघावं आणि समोरच्याने चहा टाकू का म्हणून विचारावं, तसं झालं. मी चिडून एका बाटलीहिरव्या ड्रेसवर बोट ठेवलं. खरं सांगायचं तर तो मला आवडला होता. म्हणून तर जास्त चिडले.

मापं आईने टेपने घेतली आणि ऑर्डरही फोनवर तिनेच दिली. मी शेजारी उभी होते.

"नो, नो, नॉट दॅट साइझ," आई त्या बाईला सांगत होती. "टू साइझेस बिगर. शी इज ग्रोइंग."

"आई! मी सतरा वर्षांची आहे. आय ॲम डन ग्रोइंग!"

आईने रिसीव्हरवर हात ठेवला. "सगळे असंच म्हणतात," ती म्हणाली, आणि पत्ता सांगायला लागली.

माझं सगळं बालपण वाढत्या मापात गेलं होतं. स्वेटरच्या बाह्या दुमडलेल्या, पँटला आतून टाके, बुटात कापूस. माझे हिवाळी कोट मला ज्या वर्षी नीट बसायचे त्याच वर्षी फाटायचे. त्यामुळे खोका आला, मी वर जाऊन ड्रेस घातला आणि आरशात पाहिलं तेव्हा मला आश्चर्य वाटायचं काही कारण नव्हतं. गळा खांद्यावरून घसरत होता, कंबर कमरेच्या खाली कुठेतरी होती आणि उरलेल्या जागेत आणखी एक मुलगी भाड्याने राहू शकली असती. खोक्यात एक गुलाबी कागद होता. त्यावर फार प्रेमळ शब्दांत लिहिलं होतं की माल परत घेतला जाणार नाही.

"त्यात काय," आई म्हणाली. "मागून आत घेते. एका दुपारचं काम आहे."

ती दुपार काही येईना. ड्रेस आईच्या कपाटात लटकत राहिला. मी रोज विचारायचे आणि आई रोज म्हणायची, "करते गं, मशीन काढायला हवं." मशीन जिथे होतं तिथेच होतं, जेवणाच्या खोलीत, झाकणावर फळांची टोपली ठेवून.

मग एक दिवस शाळा लवकर सुटली आणि मी गॅरेजच्या दाराने घरात आले. कुकरची शिट्टी नुकतीच होऊन गेली होती. जेवणाच्या खोलीत आमचं काचेच्या दारांचं कपाट होतं, पाहुण्यांच्या बशांचं. त्या काचेसमोर आई उभी होती, बाटलीहिरव्या ड्रेसमध्ये, पायात बाबांचे लोकरीचे मोजे. ती गिरकी वगैरे काही घेत नव्हती. नुसती जरा डावीकडे वळायची, थांबायची, मग जरा उजवीकडे वळायची. प्रत्येक वेळी आतली जाळी खसखसायची आणि तो आवाज थांबेपर्यंत आई मान तिरकी करून ऐकत राहायची. गळा तिच्या खांद्यांवर असा बसला होता की जणू कुणी तिला समोर उभं करून बेतला असावा. मी आईला साडीत पाहिलं होतं, सलवार-कमीजमध्ये पाहिलं होतं, बर्फ उपसताना बाबांच्या जाकिटात पाहिलं होतं. ती सुंदर आहे ही बातमी मला कुणी दिली नव्हती, आणि अशी अचानक मिळाल्यावर मला पहिल्यांदा काय वाटलं असेल तर संताप. तो माझा ड्रेस होता.

तिने मला काचेत पाहिलं.

"माप बघत होते," ती म्हणाली.

"कुणाचं?"

मला वाटलं ती ओशाळेल, घाईघाईने चेन काढायला लागेल. तिने जरा विचार केला. रसायनशास्त्रात खोटं रीडिंग लिहायचं नसतं, ही सवय असावी.

"माझं," आई म्हणाली. "बरोबर बसतो."

रात्री जेवताना तिने निर्णय जाहीर केला. "तो हिरवा मी ठेवते. केतकीला दुसरा मागवू."

बाबांचा पोळीचा तुकडा आमटीत पडला. "ठेवते म्हणजे? तू कुठे घालणार?"

"अंगात."

"तसं नाही गं. कुठे जाताना?"

"जिथे जाईन तिथे."

"दॅट्स माय ड्रेस!" मी ओरडले. "हे इल्लीगल आहे. बाबा, सांग ना तिला! कुठली आई मुलीचा प्रॉम ड्रेस चोरते?"

"ओरडू नकोस," आई म्हणाली. "अलार्म वाजेल."

बाबांनी त्यांच्या पद्धतीने मार्ग काढला. तोच ड्रेस, लहान माप, दुसऱ्या दिवशी फोन. फोनवरच्या बाईने कळवलं की हिरवा संपला. लहान मापात एकच रंग शिल्लक आहे, मोहरीसारखा पिवळा. इतर सगळ्या अमेरिकेने तो का शिल्लक ठेवला होता हे मला खोका उघडल्यावर समजलं. गोऱ्या मुलींना तो आजारी दाखवत असणार. मला त्याने थेट लग्नघरात नेऊन बसवलं. प्रॉमच्या दिवशी मेगनच्या घरासमोर फोटो काढताना सगळ्या मुली पन्नासच्या दशकातल्या दिसत होत्या आणि मी आत्ताच हळद लावून उठल्यासारखी.

खुद्द प्रॉमबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. कोरडं चिकन होतं, माझ्यासाठी त्याहून कोरडा पास्ता होता, आणि ज्या मुलाकडे मी वर्षभर बघत होते त्याने मला गाठून एवढंच विचारलं की मेगन एकटी आली आहे का. पण दाराशी, कोट ठेवायच्या टेबलामागे, पालक स्वयंसेवक म्हणून माझी आई उभी होती. हिरवा ड्रेस, कपाळावर टिकली, गळ्यात मंगळसूत्र, केसांचा अंबाडा. बाबा तिला गाडीने शाळेत पोचवून गेले होते आणि तिने वरून लांब कोट घातला होता, त्यामुळे तिने आत काय घातलंय हे बाबांना माहीत असलं तरी दिसलं नव्हतं, आणि न दिसलेल्या गोष्टीबद्दल बाबा कधी बोलत नसत. मे महिना होता. मुलांपैकी कुणीच कोट आणला नव्हता. त्यामुळे आईला काही काम नव्हतं, आणि बिनकामाची माझी आई काय करू शकते याची शाळेला कल्पना नव्हती.

आमचे इतिहासाचे मास्तर मि. कोवाल्स्की निवृत्तीला आले होते. त्या हॉलमध्ये पन्नासचं दशक खरोखर पाहिलेला तो एकच माणूस, आणि त्याच्याशी कुणीही बोलत नव्हतं. आई टेबलामागून निघाली, त्यांच्याकडे गेली आणि तिने काहीतरी विचारलं. मग ते दोघं चा-चा-चा नाचायला फ्लोअरच्या कडेला आले. मी पास्त्याची प्लेट घेऊन खांबामागे गेले, पण इतकीही मागे नाही की दिसणार नाही.

"लेफ्ट फर्स्ट ऑर राइट फर्स्ट?" आईचा आवाज आला. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा तो आवाज तिने कधीच मोडीत काढला नव्हता.

त्यांनी डावा पाय दाखवला. आईने डोळे त्यांच्या बुटांवर ठेवले आणि मोठ्याने मोजायला लागली, "एक, दोन, एक-दोन-तीन. एक, दोन, एक-दोन-तीन." ती चुकली की दोघंही थांबायचे आणि आई "वन्स मोअर" म्हणायची. तिसऱ्या गाण्यापर्यंत तिची मान वर आली होती. घेर वळत होता, आणि मि. कोवाल्स्की, ज्यांना तीन वर्षांत माझं आडनाव म्हणता आलं नव्हतं, तेही "एक, दोन" म्हणत होते. शेजारचा मुलगा म्हणाला, "इज दॅट युवर मॉम? शीज गुड." मी नाही म्हणणार होते. पण अख्ख्या हॉलमध्ये आम्हा दोघींसारखी दिसणारी आणखी एकच होती, नेहा बापट, आणि तिने कॅमेरा डोळ्याला लावला होता.

नेहाने फोटो घरच्या कॉम्प्युटरवर चढवले. बापटकाकूंनी ते आपल्या बहिणीला पाठवताना चुकून मंडळाच्या ईमेल ग्रुपला पाठवले. चुकून, हे त्यांचंच म्हणणं. त्यांत नेहाचे दोन फोटो होते आणि आईचे पाच. मग उत्तरं सुरू झाली, सगळी सगळ्यांना. एका काकांनी लिहिलं, "व्वा वहिनी!!!" एका काकूंनी विचारलं, "छान. पाय नाही दुखले?" आणखी एका काकांनी साडी या वस्त्राच्या शास्त्रीय फायद्यांवर भलामोठा लेख पाठवला. हे काका स्वतः बारा महिने हाफ पँटीत असायचे. आई रोज संध्याकाळी कॉम्प्युटरसमोर बसून हे सगळं वाचायची आणि मोठ्याने हसायची. लेखाला तिने उत्तरही दिलं. शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त करून परत पाठवला.

बाबांना मात्र हसू आलं नाही. मंडळाचं स्नेहसंमेलन जवळ आलं होतं, तालमी सुरू होत्या आणि माइकसाठी बाबांना जावं लागे. एका शनिवारी मी त्यांच्याबरोबर वायरी गुंडाळायला गेले होते. बाबा स्टेजवर उभे राहून नेहमीसारखं "हॅलो, चेक" म्हणणार, तेवढ्यात बापटकाकांनी दुसरा माइक उचलला. "हॅलो, हॅलो! वन, टू, चा चा चा! टेंबेकर, तुम्ही नाही का शिकणार?" सगळा हॉल हसला. बाबाही हसल्यासारखं करत राहिले. गाडीत ते एक शब्द बोलले नाहीत, पण ते एरवीही बोलत नसल्यामुळे माझ्या ते लक्षात आलं नाही.

दर उन्हाळ्याच्या तोंडाशी बाबा तळघर आवरायचे आणि जुन्या वस्तूंच्या पिशव्या भरून गॅरेजसमोर ठेवायचे. एका धर्मादाय संस्थेचा ट्रक त्या घेऊन जायचा. त्या वर्षीही गेला. दोन-तीन दिवसांनी आईने कपाट उघडलं आणि ती बराच वेळ हँगर इकडून तिकडे सरकवत राहिली. मग खाली आली.

"अहो, माझा ड्रेस?"

बाबा पेपर वाचत होते. "कुठला?"

"मला एकच आहे."

बाबांनी पेपर खाली ठेवला नाही. "जुने कपडे दिले ना मी परवा."

"तो जुना होता?"

"तूच म्हणायचीस ना, व्हिंटेज म्हणून."

मी आजवर पुष्कळ नवऱ्यांची पुष्कळ उत्तरं ऐकली आहेत. एक माझा स्वतःचाही आहे. पण इतकं तर्कशुद्ध आणि इतकं भित्रं उत्तर पुन्हा ऐकायला मिळालं नाही. आई वळली. ती स्वयंपाकघरात गेली, तेल तापत ठेवलं आणि "दारं लावा" म्हणाली नाही. त्या दिवशी नाही आणि पुढे कित्येक दिवस नाही. मोहरी तडतडली, हिंग पडलं, लसूण जळेस्तोवर परतली गेली, आणि बाबांच्या शर्टांचं कपाट सताड उघडं राहिलं. ते मी लावायला गेले तेव्हा आईने खालून विचारलं, "केतकी, काय करतेयस?" मी हात मागे घेतला. बाबा रोज सकाळी ताज्या वरणासारखे घमघमत ट्रेनने शिकागोला जात राहिले. एकदा म्हणाले, "हल्ली माझ्या शेजारी कुणी बसत नाही." आई म्हणाली, "ऐसपैस बसता येत असेल मग."

आई हायवेवर गाडी चालवत नसे आणि ती संस्था दान आलेले कपडे ज्या दुकानात विकायची ते हायवेपलीकडे होतं. माझा परवाना नवा होता. रोज शाळेतून आले की आई पर्स घेऊन दाराशी उभी. आम्ही दोघी जायचो, कपड्यांच्या रांगा बघायचो, परत यायचो. माझा त्या ड्रेसवरचा राग कधी गेला ते मला सांगता येणार नाही. माझा म्हणून तो चोरला गेला होता तेव्हा मला वाईट वाटलं होतं. तिचा म्हणून चोरला गेला तेव्हा मी लाल दिव्याला थांबायचीही विसरायला लागले. गाडीत आई बाबांबद्दल काही बोलायची नाही. नागपूरच्या लॅबमधल्या गमती सांगायची, माझ्या ब्रेकवर टीका करायची. परतताना तिचा आवाज जरा उतरलेला असायचा, तेवढंच.

एके दिवशी दुकानात शिरल्या शिरल्या समोरच एक नवी रांग दिसली. वर पाटी, 'व्हिंटेज'. तिथे माझ्याच वयाच्या दोन मुली उभ्या होत्या, आणि एकीच्या हातात हिरवा ड्रेस होता.

"ओ माय गॉड," ती मैत्रिणीला म्हणत होती, "हा खरा फिफ्टीजचा आहे. बघ ना शिलाई. कुणीतरी म्हातारी गेली असणार आणि घरच्यांनी सगळं देऊन टाकलं असणार. हाऊ सॅड!"

आई तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"इट इज फ्रॉम मार्च," आई म्हणाली. "ॲन्ड द ओल्ड लेडी इज मी. आय ॲम नॉट डेड."

त्या मुलीने ड्रेस असा सोडला की जणू चटका बसला. दोघी भांड्यांच्या विभागापर्यंत मागे न बघता गेल्या. आईने ड्रेस उचलला, उलटा करून चेन तपासली, बाही झटकली आणि हातावर घडी टाकली. काउंटरवर बाईने किंमत सांगितल्यावर ती म्हणाली, "बघ, माझाच ड्रेस मी विकत घेतेय," आणि मग तिला हसू आलं. मला आलं. आम्ही गाडीत बसून इतक्या हसलो की शेवटी आईने पदर नसल्यामुळे ड्रेसच्याच घेराने डोळे पुसले. ते पुसणं जरा जास्त वेळ चाललं. मी काच खाली केली आणि बाहेर बघत राहिले.

घरी आल्यावर तिने ड्रेस जेवणाच्या टेबलाशी बाबांच्या खुर्चीच्या पाठीवर टाकला. बाबा आले, कोट काढला, खुर्चीपाशी थांबले. बसावं की नाही हे त्यांना कळेना.

"सुनंदा," ते शेवटी म्हणाले, "लोक हसत होते गं."

"मला नाही कुणी हसलं."

"मला हसत होते."

"मग तुम्ही तुमचे कपडे द्यायचे होतेत," आई म्हणाली.

बाबा उभेच राहिले. आईने ताट वाढलं, पाणी ठेवलं. मग म्हणाली, "मला विचारलं असतंत तर मी नाही म्हटलं असतं. म्हणून विचारलं नाहीत. होय ना?" बाबांनी मान हलवली, हो अशी. मी वर निघून गेले. खाली पुढे काय बोलणं झालं मला माहीत नाही. फक्त खुर्ची सरकल्याचा आवाज आला, पण बराच उशिरा.

आज मी आईच्या त्या वेळच्या वयाची आहे. मध्ये एकदा मी तिला फोनवर विचारलं की तुला तो ड्रेस इतका का हवा होता. माझ्याकडे तयार उत्तरं होती. हुकलेलं तारुण्य, सोडलेली नोकरी, परका देश. हल्ली अशी उत्तरं आम्हाला समुपदेशकांकडून तासाच्या हिशेबाने विकत मिळतात.  आई म्हणाली, "कारण कशाला लागतं गं? छान दिसत होते मी."

स्नेहसंमेलनाच्या संध्याकाळी बाबा झब्बा घालून, वायरींची पेटी घेऊन दाराशी उभे होते. आई जिन्यावरून उतरली. तोच ड्रेस, अंबाड्यात मोगऱ्याऐवजी अंगणातलं एक पांढरं फूल, पायात सपाट काळ्या चपला, आणि या खेपेला वरून कोट नाही. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग गाडीच्या किल्लीकडे पाहिलं. "निघू या?" एवढंच म्हणाले.  मी मागच्या सीटवर पेटी मांडीवर घेऊन बसले होते.

हॉलच्या दाराशी बापटकाका पाहुण्यांना अत्तर लावायला उभे होते. बापटकाकू शेजारी गुलाबपाणी घेऊन, पैठणीत. आमच्या पुढची माणसं आत गेली आणि मध्ये काही राहिलं नाही. बापटकाकूंनी आईला टिकलीपासून चपलांपर्यंत पाहिलं. बापटकाकांच्या चेहऱ्यावर विनोद येताना मला लांबूनच दिसला.

"या, या, वहिनी! आणि काय टेंबेकर," ते चारचौघांत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तुम्ही आपले झब्ब्यातच? तुमचा फ्रॉक कुठाय?"

मागे उभे असलेले दोघे-तिघे हसले. बाबा थांबले. जरा थांबूनच बोलायची त्यांची सवय, त्यामुळे बापटकाका पुढच्या माणसाकडे वळलेही होते.

"नाही हो," बाबा म्हणाले. "माझ्या पोटऱ्या हिच्याइतक्या चांगल्या नाहीत."

कुणीच हसलं नाही. बापटकाकांच्या हातातली अत्तराची कुपी तशीच वर राहिली. बापटकाकूंनी गुलाबपाणी नवऱ्याच्याच अंगावर शिंपडलं. माझ्या बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत आपल्या बायकोच्या पायांबद्दल मत दिलं होतं, आणि ते तोंडातून गेल्यावर कानाच्या पाळीपर्यंत लाल होऊन ते जमिनीकडे बघत उभे होते.

आईने त्यांच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"चला," ती म्हणाली, "मोठे आलेत पोटऱ्या बघणारे." आणि घेर सावरत ती त्यांच्या पुढून आत गेली.